पिंपातलं गोड पाणी

माझ्या रक्तात शिसं सापडलंय असं डॉक्टर सामंतांनी सांगितलं तेव्हा मी चक्क हसले. म्हटलं, "मॅडम, मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. बॅटऱ्या दुरुस्त करत नाही."

त्या हसल्या नाहीत. हसऱ्या बाईने हसणं बंद केलं की जी भीती वाटते ना, ती मला तिथे पहिल्यांदा वाटली.

"ऋजुता, लोहाच्या गोळ्या घेऊनही तुझं हिमोग्लोबिन खालीच चाललंय. पोटात मुरडे येतात म्हणतेस. म्हणून मी ही तपासणी मुद्दाम करायला लावली. बावीस आलंय. गरोदर बाईच्या रक्तात पाचाच्या वर दिसलं तरी आम्ही सावध होतो."

"आणि बाळाला?"

"शिसं नाळेतून पलीकडे जातं. कुठे अडत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांच्यातला फरक नीट ओळखता येत नाही. बाळाची हाडं बनतायत, मेंदू बनतोय, त्याला कॅल्शियम हवंय. ते आईकडून खेचून घेतं. त्याबरोबर शिसंही जातं. मेंदूला ते अजिबात चालत नाही."

"मग औषध द्या ना काहीतरी."

"एवढ्यावर औषधाने उपसत नाहीत, विशेषतः पोटात मूल असताना. कॅल्शियम भरपूर घे. आणि येतंय कुठून ते शोध. येणं थांबलं की हळूहळू उतरतं. पण लवकर शोध बाई, सातवा लागेल आता तुला."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पहिलटकरणीला असं काही सांगताना निदान खुर्ची तरी मऊ द्यावी असा एक खुळा विचार तेवढ्यात मनात येऊन गेला.

कोल्हापूरहून मी माहेरी काळबंदरला आले होते ती पाचव्या महिन्यात. ओजस, माझा नवरा, मालवाहू बोटीवर इंजिनियर. सहा महिने समुद्रात आणि उरलेले सहा महिने समुद्राच्या गोष्टी सांगण्यात. कॉलेजला उन्हाळी सुट्टी लागली, तशी आई फोनवर म्हणाली, "एकटी काय करतेस तिथे? ये इकडे. इथलं पाणी पिऊन बघ, चार दिवसांत तोंडावर तेज येईल." आईला तिच्या घरच्या पाण्याचा भारी अभिमान. तिच्याकडे पाहुणा आला की आधी गूळ-पाणी आणि मग पाण्याचं कौतुक, हा क्रम ठरलेला. कौतुक पाहुण्याने करायचं असतं हे तिला मान्य नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून घरी आले आणि आम्ही शिसं शोधायला लागलो. आम्ही म्हणजे मी आणि बाबा. आई नुसती कंबरेवर हात ठेवून आमच्या मागे मागे.

"हळदीत भेसळ करतात शिशाची," मी म्हटलं. "डब्यातली हळद दे तपासायला."

"माझ्या हळदीत?" आईचा आवाज चढला. "परसातली हळद आहे ती. मी उकडली, मी वाळवली, मी कुटून आणली. मीच शिसं घातलं म्हण की सरळ."

"तू घातलंस असं कोण म्हणतंय?"

"बोलण्याचा रोख कळतो हो मला."

हळद दिली तिने, पण डबा असा आपटला की झाकण चुलीपाशी गेलं. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरकडून मी तपासायच्या पट्ट्या आणल्या होत्या. हल्ली त्या पट्ट्या फार सोप्या झाल्यात. नमुन्यात बुडवायची, फोनला लावायची, आकडा दिसतो. हळद स्वच्छ निघाली. कुंकू स्वच्छ. भिंतींचा रंग स्वच्छ. हिरव्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या, त्याही निर्दोष. आई प्रत्येक वेळी माझ्याकडे असं बघायची, जशी काही कोर्टात केस जिंकलीय.

मग पाणी. ते तपासायला मी मागच्या अंगणात गेले, ढगोबापाशी.

ढगोबा म्हणजे काय ते सांगते. काळबंदरच्या विहिरी खाऱ्या होऊन आता बरीच वर्षं झाली. समुद्र वर चढला तसा जमिनीखालून आत सरकला आणि एकेका विहिरीत शिरला. काही वर्षं टँकर आले. मग सरकारने घरटी एक यंत्र दिलं. कागदोपत्री त्याचं नाव वायुजल संयंत्र. वाडीने पहिल्याच दिवशी त्याचा ढगोबा केला. दिसायला फ्रिजएवढी पेटी. आत एक पूड असते, तिच्या कणाकणाला सूक्ष्म भोकं. रात्रीच्या दमट हवेतली वाफ त्या भोकांत अडकून बसते. दिवसा उन्हाने पूड तापली की ती वाफ सोडून देते, वाफ थंड होते आणि नळीतून पाणी ठिबकतं. आमच्याकडची मे महिन्यातली हवा म्हणजे नुसती चिकचिक. त्या चिकचिकीचा पहिल्यांदाच कोणाला तरी उपयोग झाला.

ढगोबाच्या नळीखाली पट्टी धरली. आकडा आला शून्य. शिसं नाही, पारा नाही, आर्सेनिक नाही, काही म्हणजे काहीच नाही.

"बघ," आई म्हणाली. "पाण्यावर तरी संशय घेऊ नकोस."

पाण्याची शंका फिटली असं मनाशी धरलं आणि पुन्हा तिकडे फिरकले नाही.

शेवटी सापडलं ते बाबांना. मागच्या पडवीत, मी दुपारची वाऱ्याला पडायचे त्या खाटेच्या अगदी डोक्यावर, त्यांचा पाग लटकत होता. मासे पकडायचं हाताने फेकायचं जाळं. त्याच्या काठाला गोळ्या असतात, जाळं तळाला जावं म्हणून. शिशाच्या गोळ्या. बाबा खाली उभे राहून वर बघत राहिले. त्यांचा चेहरा पार उतरला.

"हाच," ते म्हणाले. "याचीच धूळ पडत असणार तुझ्यावर."

बाबांचा जीव त्या पागावर. निवृत्तीनंतर पहाटे खाडीवर जाऊन पाग फेकणं हे एकच व्यसन त्यांना. पण त्यांनी तो उतरवला, पोत्यात घातला आणि कुठे नेला ते आम्हाला सांगितलंसुद्धा नाही. आईने पडवी दोनदा पुसली. खाट बाहेर उन्हात टाकली. रात्री तिने माझ्या आवडीची घावनं केली, त्यावर नारळाचा रस घातला आणि आम्ही तिघं अगदी सणासारखं जेवलो. बाबा मधेच म्हणाले, "सापडलं ते बरं झालं," आणि पुन्हा एक घावन घेतलं.

तीन आठवड्यांनी रक्त दिलं. बावीसचं एकतीस झालं होतं.

डॉक्टर सामंतांनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, "ऋजुता, तू अजून घेतेयस. रोज घेतेयस."

ओजसला व्हिडिओवर सांगितलं. बोट कुठेतरी आफ्रिकेच्या बाजूला होती, आवाज तुटत होता.

"तू आजच्या आज कोल्हापूरला जा," तो म्हणाला.

"आणि तिकडेच असलं तर? मी इथे यायच्या आधीपासून घेत असले तर? ते कोणी तपासलंय?"

"मग आईकडे जा माझ्या. कुठेही जा, पण त्या घरातून नीघ. तुझ्या आईचे ते लाडू, काढे... काय काय खाऊ-पिऊ घालते ती तुला?"

"माझ्या आईबद्दल असं बोलू नकोस."

"मग कुणाबद्दल बोलू? माझं मूल आहे ते."

"आणि माझं काय भाड्याने आणलंय?"

फोन कट झाला. नेटवर्क गेलं की त्याने ठेवला ते कळलं नाही. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदाच इतके वाईट भांडलो. पोटात बाळाने एक लाथ मारली. एरवी मी हाताने दाबून हसले असते. त्या दिवशी मनात आलं, ही लाथ ठीक आहे ना? जोरात आहे की कमी? काल किती होती? असं मोजायला लागलं की मग सुखाचं काही उरत नाही. मी बॅग भरायला घेतली.

बॅगेत दोन साड्या टाकल्या असतील नसतील, तेवढ्यात शेजारच्या ताराकाकू आल्या. हातात रिकामा तांब्या. त्या अशा रोज यायच्या, पण मी आतल्या खोलीत असायचे, लक्ष दिलं नव्हतं.

"गो ऋजुता, आऊस खंय?"

"देवळात गेलीय. काय हवंय काकू?"

"पाणी गो. तुझ्या आवशीच्या पिंपातला. आमच्या ढगोबाचा पाणी एकदम सपक. तोंडात घेतला तर कायच लागना नाय. ह्या पिंपात रातभर ठेवला काय कसा गोड लागता!"

मी तांब्या घेतला, स्वयंपाकघरात गेले, पिंपाची तोटी फिरवली. पाणी धारेने पडत होतं आणि मी त्या धारेकडे बघत होते. तांब्या भरून वाहायला लागला तरी मी तोटी बंद केली नाही.

ढगोबाच्या पाण्यात काहीच नाही, हे मी स्वतः बघितलं होतं. ज्या पाण्यात काही नाही त्याला चव नसते. मग पिंपात रात्रभर ठेवल्यावर गोडी आली कुठून? पिंपात काय आहे? पिंपात पाणी आहे आणि पिंप आहे.

मी पट्टी आणली. ढगोबाच्या नळीचं पाणी मी तपासलं होतं, पिंपातलं नाही. कारण पाणी म्हणजे ढगोबा असंच डोक्यात बसलं होतं, आणि पिंप म्हणजे फक्त आईचं पिंप. पट्टी बुडवली. फोनने एक लाल चौकट दाखवली आणि आत जो आकडा होता तो बघून मी जमिनीवरच बसले. ताराकाकू आत आल्या, त्यांना वाटलं कळा सुरू झाल्या.

"काकू, हे पाणी पिऊ नका," मी म्हटलं. "कोणालाच देऊ नका. उद्या सांगते का ते."

पिंप आजीच्या काळचं, पितळी. आईने मी येणार म्हणून चिंचेने घासून सोन्यासारखं केलेलं, आणि आतून नवी कल्हई करवून घेतलेली. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ लेप. पितळेचा आंबटाशी संबंध येऊ नये म्हणून तो द्यायचा. कथिल महाग, शिसं स्वस्त, दोन्ही दिसायला सारखं पांढरं, दोन्ही लवकर वितळतं. कोणीतरी कुठेतरी मिसळलेलं. कल्हई करणाऱ्याला दोष द्यायला मला जीभ उचलवत नाही, त्याला बाजारात कथिल म्हणून जे मिळालं ते त्याने लावलं.

पण नुसत्या कल्हईने एवढं झालं नसतं. आजीच्या काळीही असली कल्हई झाली असेल. तेव्हा त्या पिंपात विहिरीचं पाणी असायचं.

वर्गात मी हे दर वर्षी शिकवते. पाण्याचा रेणू वाकडा असतो. मध्ये ऑक्सिजन आणि दोन बाजूंना हायड्रोजन, पण सरळ रेषेत नाहीत, कोपरात वाकवलेल्या हातासारखे. त्यामुळे एका अंगाला थोडा ऋण भार, दुसऱ्या अंगाला थोडा धन. पाण्यात मिठाचा खडा पडला की हे रेणू चहूबाजूंनी येतात आणि एकेक कण सुटा करून नेतात. जे सापडेल ते आपल्यात घेणं हा पाण्याचा स्वभावच आहे. विहिरीचं पाणी जमिनीतून झिरपतानाच चुना, मॅग्नेशियम घेऊन पोटभर जेवून आलेलं असतं. ते भांड्याला फारसा त्रास देत नाही, उलट आतून चुन्याचा एक पातळ थर चढवतं. आपण त्याला क्षार धरला म्हणतो आणि नाकं मुरडतो, पण तो थरच भांड्याचा धातू झाकून ठेवतो.

ढगोबाचं पाणी हवेतून येतं. ते उपाशी असतं. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळला की ते थोडंसं आम्ल होतं. विहिरीच्या पाण्यात ही आम्लता मारायला क्षार असतात, ह्याच्यात काहीच नाही. असं पाणी रात्रभर पिंपात ठेवलं तर ते पिंपच खायला लागतं. थोडं जस्त, थोडं तांबं, आणि लेपातलं शिसं. शिशाचे काही क्षार चवीला खरोखर गोड असतात. आमच्या पिंपात ते जिभेला कळण्याइतके होते का? नसावेत. पण सपकपणा गेला होता एवढं खरं, आणि आमच्याकडे चांगल्या पाण्याला एकच शब्द आहे, गोड. काळबंदरची सगळी माणसं इतके दिवस एकमेकांना सांगत होती, पाणी गोड आहे.

पण ढगोबा बनवणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं कसं होईल? मी अंगणात गेले. पेटीच्या बाजूला एक छोटं दार असतं, आत क्षारकांडी बसवतात. बाहेर पडणारं पाणी त्या कांडीतून जातं, थोडा चुना घेतं आणि त्याची भूक भागते. दार उघडलं. कांडीची जागा रिकामी होती. दारावर एक बारीक दिवा असतो, कांडी संपली की लाल लुकलुकतो. त्या दिव्यावर एक टिकली चिकटवलेली होती. मोठी, मरून रंगाची. आईची.

बाबा मागे येऊन उभे राहिले होते. मी पट्टी दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच सांगितलं.

गेल्या श्रावणात कांड्यांच्या नव्या वेष्टनावर छापून आलं, 'शिंपल्यांच्या पुडीपासून बनवलेलं नैसर्गिक कॅल्शियम.' आई महिला भजनी मंडळाची अध्यक्ष. तिने ते देवळात मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही काळबंदरकर, बांगड्याशिवाय घास उतरत नाही, पण श्रावण म्हणजे श्रावण. शिंपल्यातून आलेलं पाणी देवाला कसं घालायचं? वाडीने कांड्या काढल्या. श्रावणानंतर गणपती आले, मग नवरात्र, मग मार्गशीर्षातले गुरुवार. कोणाचा ना कोणाचा उपास चालूच. शिवाय कांडीशिवाय बायकांना फायदाच दिसला. भांड्यांवर पांढरे डाग पडेनात, डाळ लोण्यासारखी शिजायला लागली. कांड्या कपाटातच राहिल्या. दिवा लुकलुकून त्रास देतो म्हणून टिकल्यांची युक्तीही आईचीच.

"आणि पानाला लावता तो चुना कशाचा असतो?" मी ओरडलेच. "शिंपल्यांचाच ना? तो श्रावणात चालतो तुम्हाला?"

"ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही," बाबा म्हणाले. मग त्यांनी माझा दंड धरला. "ऋजू, ऐक. पिंप मी आत्ता मोडीत घालतो. कांडी बसवतो. तू आजपासून स्टीलमधलं पाणी पी. पण आईला सांगू नकोस. शपथ आहे तुला माझी. कल्हई तिने तुझ्यासाठी करून घेतली होती. ती मरेल गं."

मला तेव्हा बाबांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. मलाही तेच करावंसं वाटत होतं. आई आयुष्यात एकाच गोष्टीवर फुशारायची, आपल्या हातच्या पाण्यावर. पण कल्हईवाला आला तेव्हा आईने अख्ख्या वाडीची पिंपं, घंगाळं, कळश्या आमच्याच अंगणात गोळा करून सगळ्यांचीच कल्हई करून घेतली होती. आणि ताराकाकूंच्या सुनेला, मोहिनीला, सहा महिन्यांची मुलगी होती. वरचं दूध पिणारी.

"बाबा, मोहिनीची पोर आहे," मी म्हटलं. बाबांनी माझा दंड सोडला.

आई देवळातून आली तेव्हा पिंप ओट्यावरच होतं. मी एकेक वाक्य तयार करून ठेवलं होतं, हळूवार, घोळवून. तोंडातून निघालं भलतंच.

"आई, शिसं तुझ्या पिंपातून आलं."

"काय बोलतेस?"

मी पट्टी बुडवून तिच्या डोळ्यांसमोर धरली. कांडीचं सांगितलं, कल्हईचं सांगितलं, पाणी काय करतं ते सांगितलं. ती ऐकत होती पण ऐकून घेत नव्हती.

"विष पाजीन होय गं मी तुला?" तिचा आवाज इतका मोठा झाला की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. "पोटच्या पोरीला? तीस वर्षं मी या पिंपातलं पाणी पाजतेय सगळ्यांना. कोणाला काही झालं नाही. आणि तू आलीस ती कॉलेजातलं ज्ञान घेऊन, हळद काय, कुंकू काय, आता पिंप! माझं घरच विषारी म्हण ना!"

"तेव्हा विहिरीचं, टँकरचं पाणी होतं आई. हे ते पाणी नाही. हे जास्त शुद्ध आहे, म्हणून."

"शुद्ध आहे म्हणून विष? ऐकतेयस तू स्वतः काय बोलतेस ते?"

"होय," मी म्हटलं, आणि रडायला लागले. मला पुढे काही समजावताच येईना. मी नुसतं पोटावर हात ठेवून रडत होते आणि आई माझ्याकडे बघत होती. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून माझ्या हातावर आली आणि तिथेच थांबली. मग तिचा चेहरा असा झाला की मी रडायचं थांबले.

तिने पिंप दोन्ही हातांनी उचललं, भरलेलं, मला वाटलं कंबर मोडेल, आणि मोरीत उपडं केलं. मग तशीच, पदराला हात पुसत, म्हणाली, "मोहिनीच्या पोरीला." आणि चप्पल न घालता बाहेर पडली.

त्या संध्याकाळी आरतीला सगळी वाडी होती. आरती संपल्यावर आईने ध्वनिक्षेपक हातात घेतला. मी तिला भजनं सांगताना शेकडो वेळा बघितलंय, ठणठणीत आवाज. त्या दिवशी मागच्या रांगेला कान द्यावा लागला.

"मी गेल्या श्रावणात तुम्हाला कांड्या काढायला लावल्या," ती म्हणाली. "ती माझी चूक झाली. आजपासून परत लावा. आणि पितळेच्या, कल्हईच्या भांड्यांतलं पाणी कोणी पिऊ नका. मुलांना उद्या रक्त तपासायला न्या. माझ्या ऋजूच्या रक्तात शिसं आलंय. ते पाणी मी पाजलं."

मला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, तुझी काय चूक, तू मुद्दाम का केलंस. ताराकाकू पुढे आल्या.

"माझ्या नातीच्या दुधात ह्याच पाणी घातला गो मी, उज्ज्वला," त्या म्हणाल्या. "तुझ्याच घरचा. तांब्याने मागून नेला."

आईने मान खाली घातली. ताराकाकूंनी तिला शिव्या दिल्या नाहीत, की जवळही घेतलं नाही. त्या मोहिनीला घेऊन निघून गेल्या. त्यानंतर तीन महिने त्या आमच्या अंगणात आल्या नाहीत. मोहिनीच्या मुलीचं शिसं माझ्यापेक्षा कमी निघालं, पण निघालं. वाडीतल्या आणखी चार मुलांचंही.

माझा आकडा त्यानंतर उतरत गेला, हळूहळू. ओजसला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईला फोन दे." मी घाबरतच दिला. त्याने काय म्हटलं मला माहीत नाही. आई फक्त "हो", "हो बाळा" म्हणत होती आणि डोळे पुसत होती.

मुलगी झाली. वजन जरा कमी, पण रडणं खणखणीत. नाळेतल्या रक्ताचा आकडा अकरा आला.

"खूप नाही," डॉक्टर सामंत म्हणाल्या. "पण कमी असलं म्हणजे निर्धास्त, असं शिशाच्या बाबतीत म्हणता येत नाही. काही होईलच असं नाही. होणारच नाही असंही मी सांगू शकत नाही. वाढताना लक्ष ठेवायचं. आवाजाला वळते का, नजर धरते का, शब्द केव्हा येतात, पुढे शाळेत कशी शिकते."

"म्हणजे कळायला किती दिवस?"

"वर्षं," त्या म्हणाल्या.

ते वाक्य आईनेही ऐकलं. तिथून सुरू झालं.

इशानी आता पाच महिन्यांची आहे. आम्ही तिला इशू म्हणतो. आई तिची मालिश करते, आंघोळ घालते, धुरी देते, सगळं करते. पण हाक मारते ना, ती मला ऐकवत नाही. पाळण्याच्या डाव्या बाजूला उभी राहते, इशूला दिसणार नाही अशी. "इशू!" म्हणते आणि श्वास रोखून थांबते. इशूने मान वळवली की माझ्याकडे बघते. "वळली," म्हणते. मग उजव्या बाजूला जाते. जरा हळू हाक मारते. पुन्हा थांबते. दिवसातून किती वेळा, ते मी मोजायचं सोडून दिलंय. पाहुणे आले तरी बोलता बोलता मधेच उठते आणि पाळण्यामागे जाऊन उभी राहते.

परवा मला अगदीच राहवेना. म्हटलं, "आई, एकदा तरी तिला नुसतीच हाक मार गं."

"नुसतीच म्हणजे?"

"म्हणजे आजी मारते तशी. काही बघायचं नाही. वळली तर वळली, नाही तर नाही."

आई ओशाळली. "मारते की," म्हणाली. पाळण्यासमोर येऊन उभी राहिली, दोरी हातात घेतली, तोंड भरून हसली.

"इशूबाय! ए माझी इशूबाय!"

इशू स्वतःच्या मुठीकडे बघण्यात गुंग होती. आई हसतच राहिली, ठरल्याप्रमाणे, पण दोरीवरची तिची बोटं पांढरी पडली होती. मीसुद्धा इशूच्या मानेकडेच बघत होते.